रॉकेटची सैल टोपी

वीस वर्षं रंधा मारलेल्या सुतारदादाला ढिलं काम बघवत नसे. लेकीने आठवडाभर खपून पुठ्ठ्याचं रॉकेट जोडलं, पण त्याची टोपी सैल होती. "हे काय काम झालं?" असं पुटपुटत त्याने तिच्या नकळत सरस लावून ती घट्ट बसवली.

शाळेच्या मैदानात रॉकेट झकास वर गेलं. वरती टोपी निघून आतली पॅराशूटची छत्री उघडायची होती, पण टोपी जागची हलली नाही. रॉकेट दाणकन जमिनीत रुतलं.

सुतारदादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टोपी कुणी चिकटवली?" सरांनी विचारलं.

लेकीने कडेचा वाळका सरस नखाने खरवडला, बापाकडे एकदाच पाहिलं. "मीच, सर."

खरं काय ते सुतारदादाच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं ते एवढंच: "लहान आहे हो अजून. शिकेल."