कराचीमार्गे पालये

"कुठं जायचंय, काका?"

"पालयेक. गोव्यात," बाबा म्हणाले.

मुंबईच्या फोर्टातल्या विमान-तिकिटांच्या कचेरीतल्या कारकुनाने पेन्सिल उचलली. "आणि राहता कुठं?"

"आरोंद्याक. मदी फकत खाडी आसा. होडयेन पाव तास."

कारकून माझ्याकडे बघू लागला. मग मी सांगितलं. पंचावन्नच्या श्रावणात आई आजारी आजीला बघायला पलीकडे माहेरी गेली आणि आठवड्यात पोर्तुगीज गोव्याची हद्द बंद झाली. परतीचा परवाना मिळेना. पुढच्या वर्षी आईनेच क्षयाचं अंथरूण धरलं. आरोंद्याच्या तरीवर तीस वर्षं माणसं पार करणारे माझे बाबा, परशुराम तारी, तेव्हापासून काठावर बसून होते. होडी पाण्यात दिसली तर काठावरच्या पहाऱ्याच्या चौकीवरून गोळी सुटायची.

"मुंबई ते कराची, तिथून गोवा," कारकून म्हणाला. "पासपोर्ट, पाकिस्तानचा व्हिसा, पोर्तुगीजांची संमती. चार महिने धरा."

"कराचीसून येताना आमची खाडी दिसात?"

"ढग नसले तर."

"मगे तुमच्या विमानवाल्याक सांगा, थंयच सोड म्हणान. फुडे मी पवत जातंय."

कारकून हसला. बाबाही हसले, दोन वर्षांत पहिल्यांदाच.

कागद गोळा होत गेले. पासपोर्टच्या फोटोसाठी बाबांनी शेजारच्या सत्यवानाचा कोट घातला. बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या. मामाच्या पत्रातून आईचा निरोप आला: 'विमानात खिडकेकडे बसू नुकात. चक्कर येतली.'

फाल्गुनातल्या एका गुरुवारचं तिकीट पक्कं झालं. मुंबईला निघायच्या दिवशी सकाळी वळकटी बांधून झाली होती. वारा पडलेला होता. पलीकडच्या काठावरून मामाची हाक आली.

"भावजीऽऽ! न्हावन घेवाऽऽ!"

आमच्याकडे मरणाची बातमी अशीच देतात. नाव घेत नाहीत, अंघोळ करायला सांगतात.

"आयकलंस गो?" बाबांनी विचारलं.

"आयकलंय, बाबा."

ते खाडीत उतरले. कमरेएवढ्या पाण्यात बुडी मारून वर आले आणि पुढेच चालू लागले. पाणी छातीला लागलं तेव्हा चौकीवरच्या शिपायाने शिट्टी फुंकली.

बाबा थांबले. पालयेकडे तोंड करून त्यांनी आईच्या नावाने तीन ओंजळी पाणी सोडलं आणि तिथेच उभे राहिले.

मी पंचा घेऊन काठावर होते. ते आपणहून वळेपर्यंत मी हाक मारली नाही. शिपायानेही पुन्हा शिट्टी वाजवली नाही.