भांडी धुण्याची पाळी

यवतमाळच्या कॉलेजात कॉमर्स शिकवणाऱ्या नागोराव सरांना एका गोष्टीची मोठी चीड होती. पोरं व्यापाराची व्याख्या घडाघडा म्हणत आणि पदवी हातात पडली की नोकरीच्या रांगेत जाऊन उभी राहत. पोहण्याचं पुस्तक पाठ करून कोणी विहिरीत उडी मारतं का? सरांनी स्वतः मारली होती. पहिल्या वर्गात पास होऊन त्यांनी मारेगावात किराण्याचं दुकान टाकलं. माल चोख, भाव वाजवी. पण घर नुकतंच बौद्ध झालेलं. लोक आधी विचारत, दुकान कोणाचं? आणि मग भाव न विचारताच पुढे जात. दुकान बुडालं. हा धडा कोणत्याच पुस्तकात नव्हता.

म्हणून १९६३ साली त्यांनी प्राचार्यांपुढे गाऱ्हाणं मांडलं, की पोरांना निदान एक दिवस खरा धंदा करू द्या. प्राचार्य माणूस भला, पण ताकही फुंकून पिणारा.

"एकदा करून दाखवा," ते म्हणाले. "दुकानाचा खर्च निघाला तर पुढच्या वर्षीपासून प्रत्येक वर्गाला लावू. नाही निघाला, तर विषय संपला. मुकाट्यानं पुस्तक उघडायचं."

वर्गानं चहाचं दुकान ठरवलं, राळेगावच्या आठवडी बाजारात. राळेगाव सुचवलं पंजाबरावानं. त्याच्या घरची कापसाची मोठी शेती त्याच भागात होती.

"सर, तिथं सारा बाजार माह्या वळखीचा हाये. गिऱ्हाईक तुटून पडन."

ओळख हे भांडवलच, असं पुस्तकातही लिहिलेलं होतं. पोरांना पटलं. सरांनाही पटलं, हे विशेष.

गिऱ्हाईक खरंच तुटून पडलं. पंजाबरावाचे मामा पुंडलिकराव आले, दोन कप प्यायले आणि भाच्याची पाठ थोपटून गेले. मग चुलते आले, वहिनीचे भाऊ आले, त्या भावांचे शेजारी आले. पंजाबराव प्रत्येकाच्या पाया पडे आणि कप पुढे करी. पैसे? पाहुण्याकडून चहाचे पैसे घेणारा माणूस त्या मुलखात अजून जन्मायचा होता. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी दुकानाची गत झाली.

"पंजाबराव, पैसे माग," सर हळूच म्हणाले.

"मामाले चायचे पैसे मागू? मायले कोन्या तोंडानं भेटू, सर?"

दुपारपर्यंत दूध अर्ध्यावर आलं आणि गल्ला रिकामाच राहिला.

मागे पोत्याच्या आडोशाला उकंडा कपबश्या धूत होता. हा वर्गातलाच ढाणकीकडचा पोरगा, सरांसारखाच बौद्ध घरातला. सकाळी कामं वाटायच्या आधीच तो आपणहून बादलीपाशी जाऊन बसला होता. का, ते सरांना ठाऊक होतं. त्यांनी पाहिलं आणि गप्प राहिले, कारण चहा खपायला हवा होता. आता त्या गप्प राहण्याची त्यांना लाज वाटली. मारेगावचं दुकान ज्या गोष्टीनं बुडवलं, तिलाच आज त्यांनी आपल्या दुकानात जागा दिली होती.

ते आडोशाला गेले. "उकंडा, पुढं बसतं का? काही लोक परत जातीन, बोलतीनबी. नाही म्हनलं तरी चालते."

उकंडानं हात पुसले. "बसतो, सर. ह्या बाजारात मले एकबी मामा नाही."

सगळे हसले. पंजाबराव तेवढा हसला नाही, कारण बादली आता त्याच्या वाट्याला आली होती.

उकंडा पुढे बसताच दोनचार जणांनी त्याचं नाव-गाव विचारलं आणि ते कप न घेताच वळले. पण बाजार काही नुसत्या पाहुण्यांचा नसतो. एसटीचा कंडक्टर आला. लांबून आलेले गाडीवान आले. तांड्यावरची बिजलीबाई आपल्या चारचौघींना घेऊन आली आणि "गरम हाये नं? मंग दे," म्हणत फतकल मारून बसली. गल्ला वाजू लागला. तरी खर्च निघायला बरीच कसर होती आणि ऊन उतरत चाललं होतं.

तेवढ्यात पुंडलिकराव तिसऱ्या कपासाठी आले.

उकंडानं चहा पुढे केला. "धा पैसे, काका."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मागे बादलीत हात घालून बसलेल्या भाच्याकडे पाहिलं.

"पंजाबा, दुकान कोनाचं हाये?"

प्रश्न मारेगावचाच होता.

"आमचं दोघाईचं, मामा. साऱ्या वर्गाचं."

"मंग सकाळचे दोन कप माह्यावर राह्यले. परक्याचं फुकट पेत नाही मी."

त्यांनी पैसे फळीवर ठेवले, उकंडाच्या हातात नाही. तिसरा कप तसाच सोडून ते चालू लागले. बाजारात बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? सकाळचे पाहुणे एकेक करून आले आणि फळीवर पैसे ठेवून गेले. उकंडाच्या दुकानाचं मिंधेपण कोणालाच नको होतं. खर्च त्यातच निघाला, वर थोडे उरलेसुद्धा. सरांना हसावं की रडावं कळेना.

मामांचा कप फळीवर निवत होता. पंजाबराव उठला. ओल्या हातांनी त्यानं तो कप उचलला, भर बाजारात उभ्यानं रिकामा केला आणि दहा पैसे उकंडाच्या तळहातावर ठेवले.

"थंडा झालता," तो एवढंच म्हणाला आणि पुन्हा बादलीपाशी जाऊन बसला.

"खर्च निघाला ना? मग जमलं," दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले. "पुढच्या वर्षापासून लावू. नियम काय ठेवायचे ते तेवढं ठरवा."

सर जवळजवळ धावतच वर्गात आले. मारेगावचं दुकान मोडल्यापासून जे मनात होतं, ते आज पदरात पडलं होतं. पोरांनी भराभर नियम सांगितले. जागा पाहून घ्यावी. उधारी नको. नातलगांच्या गावात दुकान तर मुळीच नको. सर फळ्यावर लिहीत गेले. मग ते उकंडाकडे वळले.

"उकंडा, तुहं काय म्हननं हाये?"

तो उभा राहिला. "भांडे धुवाची पाळी लावा, सर. साऱ्याईची. काल मी पयलाच जाऊन बादलीपाशी बसलो, तं काहून बसला म्हनून मले कोनीच इचारलं नाही."

सरांची मान खाली गेली. मग त्यांनी फळ्यावर सगळ्यात वर तो नियम लिहिला आणि पाळीत पहिलं नाव स्वतःचं घातलं.