गुरुपादप्पा सरांचा ताळा

जळकोटचे गुरुपादप्पा सर सकाळच्या पहिल्या बसनं नांदेडला आले आणि संस्थेच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या त्यांनी लुंबिनीच्या टेबलावर एक कागद ठेवला.

"ताई, हे तुमी पाठवलं का?"

लुंबिनी गजभारे संस्थेच्या अकरा शाळांचं आस्थापनेचं काम बघायची. कोण शिक्षक, कोण कारकून कधी निवृत्त होणार, ही यादी हातानं करायला दरवर्षी आठवडा जायचा. यंदा तिनं कॉम्प्युटरवर पायथन भाषेत स्क्रिप्ट लिहिली होती. फाइल उघड, जन्मतारीख वाच, अठ्ठावन्न वर्षं मिळव, त्या महिन्याची अखेर धर, यादी छाप. सगळं वरून खाली एका ओघात. यादी मिनिटभरात निघाली. हेडक्लार्क उद्धवरावांनी न वाचता सही ठोकली आणि ती सगळ्या शाळांना गेली.

सरांच्या कागदावर होतं: गुरुपादप्पा, गणित शिक्षक, निवृत्ती ३० जून २१२६.

"शंभर वर्षं जास्ती दिली," सर म्हणाले. "स्टाफरूममध्ये हार घातला मला. बायको म्हणाली, एवढी वर्षं डबा करून देणार न्हाई."

लुंबिनीचे कान तापले. "सर, मी चालवून बघितली होती. एकही एरर नव्हता."

"चालली म्हंजे बरोबर आली का? आमचं पोरगंबी धडाधडा गणित सोडवतं. ताळा केला होता का?"

"ताळा?"

"ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक हाय, ते घालायचं. तेच बाहेर आलं तर ठीक." सरांनी खुर्ची ओढली. "घाला माझी तारीख. एक सहा अडुसष्ट."

पण घालायची कुठं? स्क्रिप्ट एकदा सुटली की अख्खी यादी छापूनच थांबायची. शेवटी लुंबिनीनं तारखेच्या दहा-बारा ओळी उचलून वेगळ्या केल्या, म्हणजे जन्मतारीख द्यायची आणि निवृत्तीची तारीख घ्यायची, एवढंच. मग दुसऱ्या फाइलीत ती सर सांगतील तसं लिहीत गेली: ही तारीख दिली तर हे उत्तर यायला हवं, नाही आलं तर ओरड.

दोन जून अडुसष्ट. एकोणतीस फेब्रुवारी बाहत्तर. एक जानेवारी पंच्याहत्तर. पंधरा ऑगस्ट सत्तर. रिकामा रकाना. सर बोटांवर मोजून उत्तरं सांगत होते. सहा ताळे झाले. चालवले. पाच नापास.

"आमच्या नववीसारखं हाय," सर समाधानानं म्हणाले.

६८ म्हणजे २०६८, असं कॉम्प्युटरनं धरलं होतं. ते दुरुस्त केल्यावर सरांची तारीख ३० जून २०२६ आली.

"झालं सर!"

"न्हाई. ताळा अजून ओरडतोय की. उत्तर एकतीस मे पायजे. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटी जातो."

हा नियम लुंबिनीच्या स्क्रिप्टमध्ये नव्हताच. "म्हणजे सर, तुमचा महिना जातो."

"जातो ना. लिहा." सरांनी जुना कागद घडी करून खिशात घातला. "एकतीस मे," पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाले.

पलीकडच्या टेबलावरून उद्धवराव उठून आले. त्यांची जन्मतारीख एक जुलै होती. "लुंबिनी, तो एक तारखेचा ताळा काढून टाक ना. यादी चांगली येत होती."

"साहेब, तुम्हाला नियम ठाऊक आहे."

"ठाऊक आहे गं. पण माझा जन्म खरा दोन तारखेचा. शाळेत मास्तरांनी एक लिहिली."

"मी दिवाळीतला हाय," गुरुपादप्पा सर म्हणाले. "आमचा अर्धा वर्ग एक जूनला जन्मला. मास्तरला दुसरी तारीख येतच नव्हती. उत्तर पुसून गणित सुटतं का, साहेब?"

उद्धवरावांना नको असताना हसू आलं. सहाही ताळे पास झाल्यावर त्यांनी नव्या यादीवर सही केली, पण या वेळी प्रत्येक ओळ वाचून. त्यात दुपारचे चार वाजले. दुसऱ्या दिवशी महिना गेलेल्या सतरा शिक्षकांचे फोन आले. ते सगळे त्यांनीच घेतले आणि सगळ्यांना नियम ऐकवला.

गुरुपादप्पा सर एकतीस मेला निवृत्त झाले. आठवडा गेला. मग एका सकाळी ऑफिस उघडता उघडता लुंबिनीचा फोन वाजला.

"ताई, बसल्या बसल्या सुचलं. कुणी जन्मतारीख एकतीस नोव्हेंबर लिहिली तर?"

तिनं घालून बघितलं. स्क्रिप्ट जागच्या जागी आडवी झाली.

"पडली, सर."

"पडली ना?" सरांचा आवाज एकदम वर चढला. "थांबा, आणखी दोन हायेत. लिहून घ्या."