दक्षिणेकडे तोंड केलेला अँटेना

मित्रांनो, वडनेरच्या एका स्लॅबवर लोखंडी पाइपाला बांधलेली पांढरी प्लास्टिकची पेटी दिसते ना, तिच्यात मी राहतो. मी एक जुना अँटेना आहे आणि खरं सांगू, आता थकलोय.

मला मोहिनीनं घडवलं. वर्ध्याला इंजिनिअरिंग शिकताना तिनं कॉम्प्युटरवर माझा आराखडा काढला: मधे कणा, दोन्ही बाजूंना लहान होत जाणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, अगदी मासळीच्या काट्यासारख्या. तो तांब्याचा पातळ थर दिलेल्या पाटीवर छापला, नको ते तांबं रसायनात विरघळवलं. पट्टी केसभर चुकली की पाटी बाद. माझी कितीतरी थोरली भावंडं अशीच कचऱ्यात गेली, बिचारी! मला एकाच दिशेचं ऐकू येतं, पण लांबचं येतं. मोबाइलचा टॉवर दक्षिणेला, म्हणून तिनं माझं तोंड दक्षिणेला केलं.

घरात पहिल्यांदा नेट आलं, तेव्हा तिचे बाबा रूपराव गावभर सांगत सुटले, "माह्या पोरीनं बनवला!" नवलाई सरली आणि मला सगळे विसरले. वैशाखाचं ऊन, माकडांच्या उड्या, सगळं मुकाट सोसलं.

यंदा मोहिनीची मुलाखत ठरली, कॉम्प्युटरवरच, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. घरी बसून करायची नोकरी! पोरगी दूर जाणार नाही म्हणून आई रुख्माबाई हरखली. दसऱ्याला तिनं वखर पुजला, शिलाई मशीन पुजली आणि माझ्याकडेही आली. किती दिवसांनी कुणी माझी धूळ पुसली! हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ आली. मी सुखावलो. जाता जाता तिनं मला पूर्वेकडे फिरवलं. अहो माय, हे काय करता! पण माझं कोण ऐकणार? संध्याकाळी सगळे सोनं वाटायला गेले. नेटकडे कुणी पाहिलंच नाही.

सकाळी मुलाखत सुरू झाली. मी जिवाचा कान केला, तरी टॉवर पुसटच ऐकू येई. मोहिनीचा आवाज तुटत राहिला. समोरच्यांनी थोडी वाट पाहिली आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

ती धावत वर आली. मागोमाग रुख्माबाई.

"आई, ह्याले कोणं फिरवलं?"

"म्या फिरवला. दक्षिणेकडे तोंड बरं नसते, पोरी. तुले नोकरी लागावी म्हणून फिरवला."

मोहिनी रागावली नाही. तिनं मला पुन्हा दक्षिणेकडे वळवलं. ती नोकरी मात्र गेली ती गेलीच.

मित्रांनो, आमची पूजा नाही केली तरी चालेल. हलवण्याआधी एकदा विचारा, एवढंच.

मोहिनी पुन्हा अर्ज करते आहे. रुख्माबाई रोज तुळशीला पाणी घालून झालं की वर बघते, हात जोडते आणि मला विचारते, "दक्षिणेकडेच हायेस ना, बापा?"

हो माय. तिकडेच आहे.