जोडीदाराचं पाकीट

तक्रार:

"पँट सोडा."

"ताई, मी तोंडी सांगतो ना."

"तोंडी ऐकून औषध देत नाही मी. सोडा."

फोरमनने दाराकडे पाहिलं. कडी लावलेली होती, तरी तो तिकडेच पाहत राहिला. बाहेर बाकावर बोगद्यातले सहा-सात कामगार बसले होते. पत्र्याच्या भिंतीतून बाहेरचा खोकला आत येतो तसा आतला शब्दही बाहेर जातो, हे त्याला ठाऊक होतं. मलाही. म्हणून मी आवाज चढवला.

"लघवीला जळजळ किती दिवस?"

"हळू बोला हो."

किती दिवसांपासून:

पाच, असं तो म्हणाला. मी कार्डावर पाच लिहिलं. माझा हिशेब नऊ वर्षांचा होता.

नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कॅम्पवर, हाच माणूस हीच तक्रार घेऊन माझ्यापुढे उभा होता. तेव्हा तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. लग्न मीच जमवलेलं. कामसू, निर्व्यसनी, वरच्यांशी आणि खालच्यांशी सारखंच नीट बोलणारा. मी त्याला गोळ्यांची दोन पाकिटं दिली. शहरातलं हॉस्पिटल दोन दिवसांच्या वाटेवर, तपासणीची सोय नाही. अशा ठिकाणी लक्षणं बघूनच औषध द्यायचं असतं. एक पाकीट रुग्णाला, दुसरं त्याच्या जोडीदाराला, मग तिला त्रास असो वा नसो.

"आजच देतो तिला, ताई. आईची शपथ."

दिलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. धाकटीचं ओटीपोट दुखायला लागलं, मग ताप, मग शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या बंद. त्याला एकटं गाठून विचारलं तेव्हा म्हणाला, पाकीट नाल्यात टाकलं. रुग्णाची गोष्ट रुग्णापाशी, असं शिकवलंय आम्हाला. मी कुणाला बोलले नाही. चार वर्षं झाल्यावर त्याने धाकटीला वांझ म्हणून माझ्या दारात आणून सोडलं. ट्रंकेसकट.

जोडीदार:

आता तो याच बोगद्यावर बदलून आलाय, दुसऱ्या बायकोला घेऊन. तिचे दोन भाऊ त्याच्याच टोळीत आहेत.

"द्या ना दोन्ही पाकिटं, ताई. आजच देतो तिला. आईची..."

"आई आहे का अजून?"

"आहे."

"चिवट आहे म्हातारी. तुझ्या एवढ्या शपथा पचवल्या."

मी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"बायकोला घेऊन ये. तिला तू सांगायचं, तुझ्या तोंडाने. मी एक अक्षर बोलणार नाही, मला परवानगी नाही. मग दोघांनी माझ्यासमोर गोळ्या गिळायच्या."

"तिचे भाऊ माझे पाय मोडतील!"

"मोडले की ये. प्लास्टर भरपूर आहे."

"जुनं उकरून सूड घेताय तुम्ही."

"हो."

याची त्याला अपेक्षा नव्हती. थोडा वेळ पट्ट्याचं बकल चाचपत राहिला.

"साहेबांकडे तक्रार करीन."

"कर की. काय लिहिशील?"

दिलेले औषध:

पहिल्या दिवशी काही नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला, दहा मिनिटं बाकावर बसला आणि गेला. काही नाही. बोगद्याच्या तोंडाशी पाय फाकवून चालताना मला खिडकीतून दिसला. त्या दिवशी मी चहा दोनदा घेतला.

तिसऱ्या दिवशी. हा बरा होत नाही तोवर त्याच्या नव्या बायकोचीही सुटका नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या घरचं दार पन्नास पावलांवर होतं. ठाऊक असूनही मी कुलूप काढलं नाही. कार्डावर यासाठी रकाना नाही.

चौथ्या दिवशी तो तिला घेऊन आला. वीस-बावीसची पोर, बोटांना वाळलेलं सिमेंट.

"सांग," मी म्हणाले.

तो जमिनीला सांगितल्यासारखं बोलला. तीन वाक्यं.

"कोण होती?" पोरीने विचारलं.

"ते सोड ना आता."

"कोण, विचारलं मी."

"खालच्या नाक्यावरची."

तिने माझ्याकडे हात पसरला. "आधी मला द्या."

तिने गोळ्या गिळल्या, ग्लास उपडा ठेवला. मग त्याने गिळल्या.

"तोंड उघड. जीभ वर कर," मी म्हणाले.

मी बघायच्या आत पोर पुढे झाली. त्याची हनुवटी धरून, विकायला आणलेल्या बैलाचे दात तपासावेत तसं तिने आत पाहिलं.

"गेल्यात खाली," ती मला म्हणाली.

"सात दिवस जवळ येऊ द्यायचं नाही."

"सातच?"

बाहेर बाकावर कुणीही खोकत नव्हतं. फोरमनने कडी काढली आणि मान खाली घालून त्या सगळ्यांच्या मधून गेला. मी त्याला वळणापर्यंत पाहून घेतलं.

शेरा:

दुपारी घरी गेले तेव्हा धाकटी ताटं घेत होती. मला धीर निघेना. हात धुता धुता सगळं सांगून टाकलं, जीभ वर करायला लावली इथपर्यंत. ती हसेल, रडेल, काहीतरी करेल असं वाटत होतं.

"पोरीला वेळेवर मिळालं ना औषध?" तिने विचारलं.

"माझ्या डोळ्यांदेखत. या वेळी त्याच्या हातात दिलंच नाही मी."

"या वेळी?"

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"म्हणजे माझंही पाकीट होतं," ती म्हणाली.

"मला बोलायची परवानगी नव्हती गं. नियमच असा आहे की रुग्णाचं..."

"आज आहे?"

तिने माझ्या ताटात वाढलं. रोजच्याइतकंच, मीठसुद्धा. भांड्यांवर झाकण ठेवलं. मग आपलं ताट उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. दार तिने उघडंच ठेवलं होतं. ती सावकाश, एकेक घास चावून जेवत होती.