तिप्पट वयाचा नवरा

शिंप्याच्या दुकानात त्या सकाळी त्याची आणि बायकोची अशा दोन्ही मशिनी नेहमीसारख्या खडखडत होत्या आणि कापड बेतायच्या टेबलाच्या टोकाला त्याची मुलगी गणितं सोडवत बसली होती. वय तेरा. घरात सगळे तिला बारकी म्हणत. शाब्दिक उदाहरण दिसलं की बारकीच्या तोंडाला पाणी सुटे. जे माहीत नाही त्याला क्ष म्हणायचं आणि मग त्या क्षला कोपऱ्यात गाठायचं.

आत्यानं तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. कापडाचा घाऊक व्यापारी, पहिली बायको वारलेली, वय एकोणचाळीस. शिंप्याला कापड त्याच्याकडूनच मिळायचं, म्हणून जावयाचे पिकलेले केस त्याला दिसत असूनही दिसत नव्हते. तिप्पट हा शब्द तेवढा घशात अडकला होता.

आत्यानं तोही मोकळा केला. हे तिप्पट दुप्पट कधी होईल, असं तिनं बारकीलाच विचारलं. उदाहरण म्हटल्यावर ते कुणाचं हे न बघता पोरीनं सोडवून टाकलं : तेरा वर्षांनी. ती सव्वीस, तो बावन्न.

"बघ दादा," आत्या म्हणाली, "आज तिप्पट, उद्या दुप्पट. अंतर झिजतंय."

उभा जन्म इंच मोजण्यात घालवलेल्या शिंप्याला हे पटलं.

दुपारी व्यापारी कोटाचं माप द्यायला आला. लेकीची हुशारी दाखवायची शिंप्याला हौस आली. तुमची दोघांची वयं बरोबरीला कधी येतील ते सांग, म्हणाला.

उदाहरण कुणाचं, हे एव्हाना बारकीला कळलं होतं. तिनं कापडावर खुणा करायचा खडू घेऊन टेबलावर मांडलं : ३९ + क्ष = १३ + क्ष. दोन्हीकडचा क्ष गेला. उरलं एकोणचाळीस बरोबर तेरा.

"असं कधीच होत नाही, बाबा. सव्वीसचं अंतर सव्वीसच राहतं. मला हे लग्न नको."

आईची मशीन थांबली. व्यापारी हसला. उत्तर येत नाही म्हणजे पोर गणितात कच्ची, असं त्यानं ठरवलं. ते बरंच होतं, त्याच्याकडे हिशेबाला मुनीम होता. शिंपीही सुटल्यासारखा हसला. आत्यानं पदरानं टेबल पुसलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद झाली. कच्च्या मुलीला शिकवून करायचं काय?

लग्नाचे कपडे बेतायला घेतले तेव्हा व्यापाऱ्याचा निरोप आला. नवरीच्या कपड्यांना शिवणीत जास्तीचं कापड सोडा, तिचं अंग अजून वाढायचंय.

त्या कपड्यांना आई बटणं लावत होती. तिनं दातांनी दोरा तोडला.

"तुझं उत्तर बरोबर होतं ना गं?"

"हो."

"मला तेव्हाच कळलं होतं," आई म्हणाली, आणि तिनं पुढचं बटण घेतलं.