पांढऱ्या पोशाखातली काळी जाळी

उजवा डोळा सुजून बंद झाला होता. डाव्या डोळ्याने मी लेकीचा संताप बघत होते. ती नर्स आहे. बर्फ लावताना तिचा हात हळुवार असतो, जीभ नाही.

"आई, बास झालं. रविवारी मधमाश्यावाले काका येतायत, गच्चीवरची पेटी घेऊन जातील."

"मला विचारलंस?"

"तुझ्या डोळ्याला विचारलं. पेटी उघडी टाकून पळालीस! शेजाऱ्यांच्या खिडक्यांपर्यंत माश्या गेल्या."

खरं होतं ते. पण पेटी द्यायची नव्हती.

ह्यांनी ती तीस वर्षं सांभाळली. उघड्या हातांनी पोळ्याच्या चौकटी उचलायचे, माश्या मनगटावर फिरायच्या, आणि मी दारातून ओरडायचे, "अहो, निदान बाह्या तरी खाली करा!" ते मान वर न करता हसायचे. मला तसं कधीच जमलं नसतं. मी आपली नखशिखान्त झाकूनच उघडणार; पण उघडणार.

"रविवारी तुझ्यासमोर सगळ्या चौकटी तपासते," मी म्हटलं. "अर्ध्यात सोडलं तर खुशाल ने पेटी."

दुसऱ्या दिवशी मधमाशीपालनाच्या अवजारांच्या दुकानात गेले.

"नातवासाठी का, आजी?"

"नातवाला वेळ कुठाय? माझ्यासाठी."

पूर्ण पोशाखाची किंमत ऐकून मी शिवण उलटून पाहिली. चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवलेत मी. असली शिवण आमच्या कारखान्यात उसवायला लावली असती. पण टोपी पाहून थबकले. सगळा पोशाख पांढरा, तोंडापुढची जाळी मात्र काळी.

"ही काळी का हो?"

"फॅशन असेल, आजी."

मी टोपी घालून उन्हात उभी राहिले. समोरच्या पाटीवरचं बारीक अक्षरही दिसत होतं. तेव्हा कळलं माझं चुकलं कुठे. माश्यांना गडद रंग खपत नाही, म्हणून मी हौसेने पांढरी जाळी शिवली होती. उन्हात ती अशी चमकली की चौकट दिसेना, आणि मी शहाणीने जाळीच वर उचलली.

तिथून फक्त माश्यांवर धूर सोडायचं, भाता असलेलं धुराडं घेतलं. रंगाऱ्याचा पांढरा डगला-पायजमा आणि चौकटी उचकटायला रंग खरवडायची पट्टी हार्डवेअरच्या दुकानातून, भांडी घासायचे लांब हातमोजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, मीटरभर काळी जाळी कापडवाल्याकडून. मनगटाला आणि घोट्याला इलॅस्टिक टाकलं. सगळं मिळून त्या पोशाखाच्या पाव किमतीत.

रविवारी काका पेटी बांधायला दोरी घेऊन आले. लेक दाराच्या काचेमागे उभी राहिली.

"आई, अंतराळात निघालीस की काय?"

"परत येताना तुला काही आणू का?"

धूर दिला, झाकण काढलं. पहिली चौकट, दुसरी, तिसरी. काळ्या जाळीतून अंडीसुद्धा दिसत होती. चौथी उचलली तेव्हा हातमोजा जरा सरकला आणि मनगटावर आग पेटली. चौकट माश्यांनी भरलेली. टाकली असती तर परवासारखाच गोंधळ.

मी ती हळूच जागेवर ठेवली. मग पट्टीच्या कडेने नांगी खरवडून काढली आणि डंखाच्या वासाने आणखी माश्या येऊ नयेत म्हणून तिथे धूर सोडला.

"डंख बसला ना?" काचेमागून आवाज आला.

"बसला."

"मग ये ना आत!"

"तू पोटात होतीस तेव्हा मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली होती. मशीन सोडलं का मी?"

काकांनी दोरी गुंडाळायला घेतली. लेक त्यांच्याकडे बघेना, माझ्याकडेही बघेना.

"हातमोजा वर ओढ आधी," ती शेवटी म्हणाली.

ओढला. अजून सहा चौकटी बाकी होत्या.